चारशे बाराचा अर्थ

स्मरणिकेच्या संपादकांनी लेख मागितला, तेव्हा मी नेहमीप्रमाणे लसीकरणावर किंवा मुलांच्या आहारावर लिहीन, अशी त्यांची अपेक्षा असणार. आजवर मी तेच लिहीत आलो. या वेळी मात्र मी विषय बदलून मागितला. कारण असे की, गेल्या वर्षभरात आपल्या मंडळातील सहा-सात जणांनी मला एकांतात गाठून एकच प्रश्न विचारला आहे : "डॉक्टर, तुमचा कॅल्शियम स्कोअर जास्त आला होता म्हणतात. पुढे तुम्ही काय केलंत?" त्यांतील तिघे स्वतः डॉक्टर होते. प्रत्येकाच्या खिशात घडी घातलेला स्वतःचा रिपोर्ट होता आणि प्रत्येकाचा स्वर काहीसा उतरलेला होता. एकेकाला निराळे उत्तर देण्यापेक्षा सर्वांसाठी एकदाच लिहावे, हे बरे.

माझे मत प्रारंभीच सांगून टाकतो. कोणतेही लक्षण नसलेल्या माणसाच्या हाती मोठा कॅल्शियम स्कोअर आला, तर तो अँजिओग्राफीच्या टेबलाकडे बोलावणारा निरोप नसतो. दीर्घकाळच्या औषधोपचाराकडे आणि शिस्तीकडे बोलावणारा तो निरोप असतो. त्याचे दोन चुकीचे अर्थ लावले जातात. काहीजण घाबरून दुसऱ्याच दिवशी अँजिओग्राफी करवून घेतात, तर काहीजण रिपोर्ट कपाटात टाकून तो विसरू पाहतात. मी आठ दिवसांत हे दोन्ही अर्थ लावून पाहिले. हृदयरोग हा माझ्या अभ्यासाचा विषय नाही. त्यामुळे जे लिहितो ते तज्ज्ञ म्हणून नव्हे, एक वाचणारा-विचारणारा रुग्ण म्हणून.

तो रिपोर्ट

२०२४ च्या डिसेंबरात मी छप्पन्न वर्षांचा होतो. छातीत कधी दुखले नव्हते, दम लागत नव्हता. सकाळी रेसिडेन्सीच्या रस्त्यावर अर्धा तास फिरणे आणि परतताना पोहे-जलेबी, हा आपल्या इंदूरचा कुलाचार मीही पाळत होतो. मित्राच्या आग्रहावरून एका ठिकाणी संपूर्ण तपासणीचे पॅकेज घेतले. त्यात कॅल्शियम स्कोअर अंतर्भूत होता, म्हणून तोही झाला. कोणी विचारले नाही की ही तपासणी कशासाठी, आणि मीही विचारले नाही. संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला. डावी पुढची धमनी २५८, उजवी ११७, सर्कम्फ्लेक्स ३७, डावी मुख्य धमनी शून्य. एकूण ४१२. खाली लाल अक्षरांत एक ओळ होती, 'त्वरित हृदयरोगतज्ज्ञांना भेटा.'

तीस वर्षे मी आई-वडिलांना सांगत आलो की, मुलाचा रिपोर्ट हाती आला म्हणजे प्रथम मूल पाहा, मग कागद पाहा. त्या संध्याकाळी मी फक्त कागद पाहिला. माझे वडील एकसष्टाव्या वर्षी पहाटे झोपेतच गेले होते. त्या पहाटेची सारी चित्रे त्या तीन आकड्यांमागे उभी राहिली. घरी एवढेच सांगितले की रिपोर्ट ठीक आहेत.

आकडा काय सांगतो

जे डॉक्टर नाहीत त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण. ही तपासणी म्हणजे हृदयाचा साधा सीटी स्कॅन. इंजेक्शन नाही, रंगद्रव्य नाही, काही मिनिटांचे काम. किरणोत्सर्ग साधारण १ मिलिसीव्हर्ट, म्हणजे निसर्गातून आपल्याला वर्षभरात जेवढा मिळतो त्याहूनही कमी. आर्थर अ‍ॅगॅट्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली ही मोजणी मांडली, म्हणून तिला अ‍ॅगॅट्स्टन स्कोअर म्हणतात. धमनीच्या भिंतीत १३० हाउन्सफील्ड एककांहून अधिक घनतेचे जे ठिपके दिसतात, त्यांचे क्षेत्रफळ घेऊन घनतेप्रमाणे त्याला १ ते ४ यांपैकी एका अंकाने गुणायचे आणि सर्व ठिपक्यांची बेरीज करायची. शून्य म्हणजे कॅल्शियम आढळले नाही. शंभरच्या पुढे आकडा गंभीरपणे घ्यावा लागतो आणि तीनशे-चारशेच्या पुढे तो निश्चितच मोठा समजला जातो.

हे कॅल्शियम येते कोठून? माझ्या सत्त्याऐंशी वर्षांच्या आईला पुढे हे कळले, तेव्हा तिने पहिली गोष्ट केली ती माझ्या दुधाचा पेला उचलून नेण्याची. तिचा तर्क साधा होता आणि अनेक सुशिक्षितांचाही तोच असतो. परंतु दुधाचा याच्याशी संबंध नाही. धमनीच्या आतल्या अस्तराखाली कोलेस्टेरॉलचा थर साचतो, तेथे दाह होतो, पेशी मरतात आणि त्या जागी शरीर कॅल्शियम साठवते. बालरोगतज्ज्ञांना हे दृश्य अपरिचित नाही. लहानपणी क्षय होऊन गेलेल्या मुलाच्या छातीच्या एक्स-रेमध्ये आपण कॅल्शियमचा पांढरा ठिपका पाहतो, आणि येथे कधीकाळी लढाई झाली होती, असे म्हणतो. करोनरी धमनीतील कॅल्शियमही लढाईची खूणच आहे. फरक इतकाच की, ही लढाई बहुधा अजून संपलेली नसते. ठिपक्याच्या आजूबाजूला मऊ थर असतात. ते या स्कॅनमध्ये दिसत नाहीत, आणि फुटून रक्ताची गुठळी होण्याचे भय मुख्यतः त्यांचेच.

म्हणून हा आकडा भविष्याविषयी बोलतो. अमेरिकेत २००० साली सुरू झालेल्या 'मेसा' या अभ्यासात ४५ ते ८४ वयाचे सहा हजारांहून अधिक लोक होते. २००८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांचा स्कोअर शून्य होता त्यांच्या तुलनेत १०१ ते ३०० स्कोअर असणाऱ्यांमध्ये हृदयविकाराच्या घटनांचा धोका सुमारे पावणेआठ पट आणि ३०० च्या वर असणाऱ्यांमध्ये साडेनऊ पटींहून अधिक आढळला. त्या अभ्यासात गौरवर्णीय, आफ्रिकी, हिस्पॅनिक आणि चिनी वंशाचे लोक होते; भारतीय नव्हते. ही उणीव पुढे 'मसाला' या अभ्यासाने काही अंशी भरून काढली. त्यात अमेरिकेत स्थायिक झालेले दक्षिण आशियाई लोक आहेत. त्यांतील पुरुषांच्या धमन्यांतील कॅल्शियम गौरवर्णीय पुरुषांइतकेच आढळले. आपण पोळी-भाजी खाणारे, आपल्याला काय होणार, या भ्रमाला जागा राहिली नाही.

आकडा काय सांगत नाही

एवढे सगळे सांगणारा हा आकडा एक गोष्ट मुळीच सांगत नाही, आणि लोक नेमकी तीच त्याला विचारतात : "चारशे बारा म्हणजे किती टक्के ब्लॉकेज?" याचे उत्तर या स्कॅनमध्ये नाही. कॅल्शियम भिंतीत असते. आतला मार्ग किती मोकळा आहे, हे त्यावरून ठरत नाही. मोठा स्कोअर असून रक्तप्रवाहाला कोठेही मोठा अडथळा नाही, अशी माणसे पुष्कळ आहेत. उलट शून्य स्कोअर म्हणजे अभयपत्रही नव्हे. धूम्रपान करणारे, मधुमेही आणि ज्यांच्या घरात अकाली हृदयविकार आहे, अशांनी शून्यावर निर्धास्त राहू नये, असे २०१८ च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांतही स्पष्ट म्हटले आहे.

यावरून ही तपासणी कोणासाठी, हेही कळते. वय साधारण चाळिशीच्या पुढे, धोका ना फार कमी ना फार जास्त, आणि स्टॅटिन सुरू करावे की नाही याबद्दल डॉक्टर व रुग्ण द्विधा मनःस्थितीत. अशा वेळी हा आकडा पारडे एका बाजूला झुकवतो. ज्याला औषध द्यायचेच आहे, त्याला स्कोअर कशाला? पंचविशीच्या मुलाला कशाला? ज्याला आधीच स्टेंट बसला आहे, त्याला तर मुळीच नको. पॅकेजमध्ये ही तपासणी सर्वांना सरसकट केली जाते आणि अर्थ सांगायला कोणीच बसलेले नसते. माझी तक्रार तपासणीविरुद्ध नाही, या एकाकी आकड्याविरुद्ध आहे.

दोन वाटा

त्या रात्री मी एका तरुण हृदयरोगतज्ज्ञाला फोन केला. लहानपणी तो माझाच रुग्ण होता. तो आपुलकीने म्हणाला, "सर, काळजी नको. परवा सकाळी अँजिओ करून टाकू. काही दिसलं तर तिथल्या तिथे स्टेंट. दोन दिवसांत ओपीडीत." मी लगेच होकार दिला. मन विलक्षण हलके झाले. संकटावर उपाय सापडला, तोही दोन दिवसांचा!

दुसऱ्या दिवशी ओपीडीत एक आजी नातवाला घेऊन आल्या. मुलाला साधी सर्दी होती. आजी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, एक फोटो काढून टाका ना छातीचा. मनाची शांती होईल." मी नेहमीच्या शब्दांत त्यांना समजावले की, फोटोने सर्दी बरी होत नाही आणि मनाच्या शांतीसाठी तपासण्या करत नाहीत. त्या उठून गेल्यावर मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो. मग तरुण मित्राला कळवले की, परवा जमणार नाही.

परंतु त्यानंतर मी जे केले ते अधिक शहाणपणाचे नव्हते. रिपोर्टची प्रत लसीकरणाच्या कार्डांच्या खणात ठेवून दिली आणि आठ दिवस तो खण उघडला नाही. मनाशीच एक अ‍ॅस्पिरिन सुरू केली. नवव्या दिवशी कार्ड शोधताना तो कागद नर्सच्या हाती लागला, आणि त्या रात्री पत्नीला सर्व सांगावे लागले. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "अहो, दुसऱ्यांच्या मुलांसाठी रात्री दोन वाजता उठता. स्वतःसाठी एकदा दिवसा तरी जा ना कुणाकडे." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

तीन प्रश्न

मी गेलो तो कॉलेजमधल्या माझ्या ज्येष्ठ मित्राकडे. तो फिजिशियन आहे, मोजके बोलणारा. त्याने रिपोर्ट बाजूला ठेवला आणि तीन प्रश्न विचारले. "छातीत, जबड्यात, हातात काही होतं का? डॉक्टर म्हणून नको, खरं सांग." नाही. "न थांबता तीन जिने चढतोस का?" चढतो. "शेवटचं कोलेस्टेरॉल कधी पाहिलंस?" मी आठवू लागलो. सात वर्षे झाली होती. रक्तदाब? तो मी स्वतःच पाहत होतो, आणि कधी वाढलेला दिसला की टेबलावरच्या नमुन्याच्या पाकिटांतली एखादी गोळी चार दिवस घेत होतो. मित्र काही बोलला नाही. त्याने फक्त माझ्या नावाचा केसपेपर करायला सांगितला. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी मी प्रथमच कोणाचा तरी रुग्ण झालो.

तपासणीत रक्तदाब १४६/९२ निघाला, एलडीएल १४८ आणि एचबीएवनसी ६.१. आयुष्यात एकदा करावी अशी लिपोप्रोटीन-ए ही चाचणीही त्याने करविली. ती सुदैवाने मर्यादेत होती. माझी कार्यक्षमता नक्की कळावी म्हणून ट्रेडमिलवर चालवले. त्यात दोष आढळला नाही. मग तो म्हणाला, "तुझा आजार चारशे बारा नाही. तुझा आजार एकशे शेहेचाळीस आणि एकशे अठ्ठेचाळीस आहे. चारशे बारा ही त्याची थकबाकी."

मी अँजिओग्राफीचा विषय काढला. त्याने दोन अभ्यासांची आठवण करून दिली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या 'करेज' या चाचणीत स्थिर करोनरी आजार असलेले २,२८७ रुग्ण होते. निम्म्यांना उत्तम औषधोपचार, निम्म्यांना औषधोपचार आणि जोडीला अँजिओप्लास्टी. मृत्यू आणि हृदयविकाराचा झटका यांत दोन्ही गटांत फरक पडला नाही. मग शंका घेतली गेली की, आजार पुरेसा तीव्र नसेल. म्हणून 'इस्केमिया' ही मोठी चाचणी झाली. ३७ देशांतील ५,१७९ रुग्ण, त्यांत भारतीयही होते. सर्वांच्या तपासणीत मध्यम किंवा तीव्र स्वरूपाचा रक्तपुरवठ्याचा अभाव सिद्ध झालेला होता. २०२० साली निष्कर्ष आले : सुरुवातीलाच अँजिओग्राफी करून स्टेंट वा बायपास केल्याने झटके किंवा मृत्यू कमी झाले नाहीत. ज्यांना छातीत दुखत होते, त्यांचे दुखणे मात्र अधिक कमी झाले. ज्यांचा आजार माझ्याहून पुढे गेलेला होता, त्यांचेही आयुष्य स्टेंटने वाढले नाही. मग ज्याला काहीच दुखत नाही, त्याचे काय कमी करायचे?

याचे कारण समजण्यासारखे आहे. स्टेंट एका जागेवर बसतो. आजार तिन्ही धमन्यांच्या संपूर्ण भिंतींत पसरलेला असतो. उद्या कोणता थर फुटेल, हे अँजिओग्राफी सांगू शकत नाही. औषध मात्र प्रत्येक थरापर्यंत पोहोचते.

माझ्या तरुण मित्राची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. तो म्हणतो, "सर, डोक्यावर टांगती तलवार घेऊन जगण्यापेक्षा एकदा बघून घेतलेलं बरं नाही का?" हा युक्तिवाद पोकळ नाही. 'इस्केमिया'मध्ये डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेल्यांना वगळले होते, आणि अशा काहींना शस्त्रक्रियेने खरोखर जीवदान मिळते. स्कोअर फारच मोठा असेल, माणूस हालचाल न करणारा असेल किंवा मधुमेहामुळे लक्षणे झाकली जात असतील, तर ताण-चाचणीचा विचार तज्ज्ञ करतात, तो योग्यच आहे. पण तो विचार माणूस पाहून व्हावा. आकडा पाहून थेट कॅथेटर नको. आणि लक्षण असेल, तर हा लेखच लागू नाही. चालताना छातीत दडपण येत असेल तर त्याच आठवड्यात तज्ज्ञाकडे जावे. बसल्या जागी दडपण आले, घाम फुटला, तर स्कोअर शून्य असो वा हजार, विनाविलंब तातडीच्या विभागात जावे.

पुढची पावले

मला जे दिले गेले ते सांगतो. ते प्रत्येकाला तसेच लागू होईल असे नाही. रोसुव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम आणि रक्तदाबाची रोजची एक गोळी. तीन महिन्यांनी एलडीएल ७१ झाले. मित्राला ते सत्तरच्या बरेच खाली हवे होते, म्हणून इझेटिमाइब जोडले. आता ते ५४ आहे. २०२४ साली भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जी तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत मोठा धोका असणाऱ्यांसाठी ७० च्या खाली आणि अतिशय मोठा धोका असणाऱ्यांसाठी ५५ च्या खाली एलडीएल असावे, असे म्हटले आहे. रक्तदाब १२६/७८ च्या आसपास असतो. अ‍ॅस्पिरिन मात्र त्याने बंद केली. मला पूर्वी जठरव्रण झाला होता, आणि ज्यांना अद्याप हृदयविकार झालेला नाही अशांमध्ये अ‍ॅस्पिरिनच्या लाभाइतकीच रक्तस्रावाची हानी असू शकते, हे २०१८ च्या तीन मोठ्या चाचण्यांनी दाखवले आहे. अधिक स्कोअर असलेल्या निवडक माणसांना ती दिली जाते. पण तो निर्णय डॉक्टरचा, मध्यरात्रीच्या भीतीचा नव्हे.

दोन गैरसमजांविषयी बोलणे आवश्यक आहे. आपल्यातील एका सभासदांनी तीन वर्षे स्टॅटिन घेऊन पुन्हा स्कोअर काढला. तो १८० वरून २४० झाला. "औषधाने वाढलं!" म्हणून त्यांनी गोळी सोडली. स्टॅटिनमुळे मऊ थर घट्ट होऊ लागतात, त्यांत कॅल्शियम वाढते आणि आकडा फुगतो. पण थर फुटण्याची शक्यता घटते. म्हणून औषध सुरू झाल्यावर पुनःपुन्हा स्कोअर काढण्यात अर्थ नाही. प्रगती पाहायची तर एलडीएल आणि रक्तदाब पाहावा. याच कारणाने 'कॅल्शियम विरघळवून देतो' अशा जाहिरातींपासून दूर राहावे. ते विरघळत नाही, आणि विरघळवणे हा उपचाराचा हेतूही नाही.

दुसरा गैरसमज स्नायूंच्या दुखण्याचा. मलाही तिसऱ्या आठवड्यात पोटऱ्या दुखू लागल्या आणि मी गोळी सोडण्याच्या बेतात होतो. मित्राने २०२० च्या 'सॅमसन' चाचणीविषयी सांगितले. स्टॅटिन सोसत नाही म्हणून सोडलेल्या साठ जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे देण्यात आले. जो त्रास स्टॅटिनने होत होता, त्यातला सुमारे नव्वद टक्के त्रास निष्क्रिय गोळीनेही झाला. खरा स्नायुदोष असतो, त्यासाठी तपासणी असते, पर्यायी औषधेही आहेत. माझ्या पोटऱ्यांचे दुखणे मात्र हे ऐकल्यावर पंधरा दिवसांत थांबले. यावर काय म्हणावे, ते वाचकांनी ठरवावे.

उरला जगण्याचा क्रम. रोज पाऊण तास भरभर चालणे, आठवड्यातून दोनदा वजने उचलणे. पोहे आहेत; सेव चिमटीभर, जलेबी सणाला. हिवाळ्यात सराफ्यातला गराडू वर्षातून एकदा, तोही पत्नीबरोबर वाटून. वजन सहा किलोंनी घटले. दूध आईने परत दिले.

मुलांच्या डॉक्टराला उशिरा सुचलेले

या सर्व प्रकारात मला सर्वांत अधिक खुपले ते वेगळेच. करोनरीचा आजार हा मोठ्यांचा आजार, असे मानून मी तीस वर्षे मुले तपासली. वस्तुतः १९५३ साली कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल प्रसिद्ध झाला होता. त्यांचे सरासरी वय बावीस वर्षे होते आणि सुमारे ७७ टक्के जणांच्या करोनरी धमन्यांत आजाराच्या खुणा होत्या. बाविसाव्या वर्षी दिसणारी खूण शाळेच्या वयातच उमटू लागलेली असणार. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासाने तर आपल्याला त्याही मागे नेले. पुण्याजवळच्या सहा गावांतील नवजात बालके सरासरी २.७ किलो वजनाची. इंग्लंडमधील बालकांहून कितीतरी लहान. तरीही त्यांच्या अंगावर त्या मानाने चरबी अधिक. बारीक दिसणारे, पण मेदाने भारलेले बाळ. आपला 'सडपातळ आहे, म्हणजे ठीक आहे' हा निर्वाळा किती अपुरा होता!

आता माझ्या ओपीडीत मी एक प्रश्न नव्याने विचारतो : घरात कोणा पुरुषाला पंचावन्नच्या आधी किंवा स्त्रीला पासष्टच्या आधी हृदयविकार झाला आहे का? होय म्हटले, तर मुलाचे कोलेस्टेरॉल एकदा पाहतो. आनुवंशिक कोलेस्टेरॉलवृद्धीची दोन मुले याच प्रश्नाने सापडली. आणि माझ्या स्वतःच्या मुलीची तपासणी केली, तेव्हा सत्ताविसाव्या वर्षी तिचे एलडीएल १५२ निघाले. हा आकडा मला चारशे बारापेक्षा अधिक मोलाचा वाटतो, कारण तिच्या हाती अजून तीस वर्षे आहेत.

एक सूचना

शेवटी मंडळाला एक विनंती. पुढील आरोग्य शिबिरात सभासदांसाठी कॅल्शियम स्कोअर सवलतीत उपलब्ध करून द्यावा, असा एक प्रस्ताव आहे. तो सद्‌हेतूने आला आहे. तरी माझा त्याला विरोध आहे. त्या पैशांत प्रत्येक सभासदाचा रक्तदाब, साखर आणि लिपिड यांची तपासणी होईल, आणि अर्थ सांगायला एक फिजिशियन दिवसभर बसवता येईल. स्कोअर ज्याला लागेल त्याला तो फिजिशियन लिहून देईल.

या स्मरणिकेच्या अखेरच्या पानांवर दरवर्षी सभासदांची सूची असते. नाव, पत्ता, दूरध्वनी, रक्तगट. आपण सारे तीत स्वतःचे नाव बरोबर छापले आहे की नाही, हे आधी पाहतो. यंदापासून प्रत्येकाने आपल्या प्रतीत रक्तगटाशेजारी आणखी एक नाव लिहावे : माझा डॉक्टर. छापायची गरज नाही, पेनाने लिहिले तरी चालेल. मात्र तेथे स्वतःचेच नाव लिहू नये. मी माझ्या प्रतीत लिहिले आहे. ते नाव लिहायला मला छप्पन्न वर्षे आणि चारशे बारा गुण लागले. आपल्यापैकी कोणालाही इतके लागू नयेत.